आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: घेतली मंगळासाठी, वापरली भलत्याच कामाला

आधी मुद्द्याचं सांगते. दुर्बीण चांगली आहे. आरसा उत्तम, लाकडी बैठक बरी, सोबतचं माहितीपत्रक टाकाऊ. पाचपैकी चार तारे. एवढंच हवं होतं त्यांनी खुशाल ऑर्डर टाकावी. ‘पण घेऊन करायचं काय?’ असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी जरा थांबावं, कारण हाच प्रश्न विचारायचा मी तेहतीस वर्षं पगार घेतला.

मी लेखापरीक्षणात होते. कुणी खर्च केला की आम्ही जाऊन तीन गोष्टी बघायचो: मंजुरी कुणाची, कारण काय लिहिलंय, आणि पैसा त्याच कारणाला लागला का. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. ते नसलं की आक्षेप. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी डोक्यातली लाल पेन्सिल काही खाली ठेवली जात नाही.

तर झालं असं की भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि माणूस मंगळावर राहायला जाणार हे त्याच्या मते ठरल्यातच जमा. मी विचारलं, “कशाला?” त्याने एका दमात तीन कारणं दिली. पृथ्वीवर अरिष्ट आलं तर माणसाचा वंश दुसरीकडे शिल्लक राहावा. लघुग्रहांवर धातू आहेत. आणि नवी जागा शोधत जाणं माणसाच्या रक्तातच आहे. मी म्हटलं, “बाळा, एका खर्चाला तीन कारणं लिहिलेली फाइल आली की आम्ही तीच आधी उघडायचो. खरं कारण असलं की माणूस एकच लिहितो.” तो चिडला. “मावशी, तू मंगळ बघितलायस तरी का कधी?”

नव्हता बघितला. तांबूस ठिपका म्हणून बघितला असेल, तो काही बघणं नव्हे. डिसेंबर चालू होता. १६ जानेवारी २०२५ ला मंगळाची प्रतियुती होती, म्हणजे एकीकडे सूर्य, समोर मंगळ आणि मध्ये आपण. अशी संधी साधारण २६ महिन्यांनी येते. हट्टाने दुर्बीण घेतली आणि घरखर्चाच्या वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘मंगळ पाहणे’. एकच कारण.

दोन खोकी आली. एकात नळी, दुसऱ्यात बैठकीच्या फळ्या, पिशवीभर स्क्रू आणि एक ॲलन की. बैठक जोडायला दोन तास गेले, कारण माहितीपत्रकातली आकृती वाचायलाच दुर्बीण लागावी इतकी बारीक. सगळं मिळून वजन वीस किलोच्या आसपास. दोन फेऱ्यांत गच्चीवर जातं. एका फेरीत न्यायचा हट्ट करू नका, माझी कंबर साक्षीला आहे.

मुख्य आरसा २०३ मिलिमीटर व्यासाचा, नाभीय अंतर १,२०० मिलिमीटर. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, त्या हिशेबाने हा आरसा डोळ्याच्या आठशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. माझ्या वयाला बाहुली पाचाच्या वर जायला तयार नसते, म्हणजे मला सोळाशे पट. वय वाढल्याचा फायदा कुठेतरी निघाला. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) येतात, एकाने ४८ पट आणि दुसऱ्याने १२० पट मोठं दिसतं. कुठल्याही दुर्बिणीच्या खोक्यावर ‘पट’ मोठ्या अक्षरात आणि आरशाचा व्यास बारीक अक्षरात असेल तर ती घेऊ नका. महत्त्व व्यासाला आहे.

ही रचना जॉन डॉब्सन या गृहस्थांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात ते १९४४ पासून संन्यासी होते. जहाजांच्या खिडक्यांच्या जुन्या काचा मिळवून त्यांचे आरसे घासायचे, जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचे आणि मठातून बाहेर सटकून रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवायचे. १९६७ साली मठाने त्यांना निरोप दिला. त्यानंतर त्यांनी उरलेलं आयुष्य फुटपाथवर दुर्बीण मांडण्यात घालवलं. मठाची बाजूही मला समजते. आश्रमाची कामं सोडून रात्री गायब होणाऱ्या माणसाची मंजुरी कुणी द्यायची? पण आज मी जी बैठक गोल फिरवते ती त्याच गायब होण्यातून आलेली आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

मोटर नाही, बॅटरी नाही. हाताने ढकलायचं. १२० पटीला गुरू दिसतो आणि लगेच सरकायला लागतो, पावणेदोन मिनिटांत कडेवरून बाहेर. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं. तीन बोटांनी नळी सतत पुढे ढकलावी लागते तेव्हा ते मनगटाला कळतं.

पहिल्या रात्री मात्र निराशा झाली. तारे ठिपक्यांसारखे दिसायच्या ऐवजी शेपूट फुटलेले. प्रवासात धक्के खाऊन आरशाची जुळणी बिघडली होती. नव्या डॉब्सोनियनला हे होतंच, कॉलिमेशन, म्हणजे ही जुळणी करणं, शिकावंच लागतं. मी त्यासाठी वेगळं लेझरचं उपकरण मागवलं, दिलं तसं जुळवलं, आणि तारे आणखी बिघडले. चार रात्री अशा गेल्या. मग एकदा ते उपकरण फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळकांड्यात) नुसतं गोल फिरवून पाहिलं. लाल ठिपका जागेवर राहायला हवा होता, त्याने आरशावर चांगलं रुपयाएवढं वर्तुळ काढलं. म्हणजे मोजणारंच वाकडं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, “मॅडम, तो सरळच असतो.” शेवटी डबीच्या झाकणाला मधोमध भोक पाडून डोळ्याने जुळवलं. दहा मिनिटांचं काम.

हबल दुर्बिणीचं अगदी हेच झालं होतं. एप्रिल १९९० मध्ये ती वर गेली आणि चित्रं धूसर आली. आरसा अत्यंत काटेकोर घासलेला होता, पण चुकीच्या आकाराला: कडेशी २.२ मायक्रॉनचा फरक. का, तर आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती. पण महागडं उपकरण जास्त अचूक, म्हणून साध्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. हे वाचलं त्या रात्री मी एकटीच हसत होते. अशी किती कार्यालयं मी पाहिली आहेत!

तर मंगळ. भाचा मुद्दाम आला, दोघं स्वेटर घालून गच्चीवर. आधी तासभर दुर्बीण उघड्यावर ठेवायची, आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हावा लागतो, नाहीतर तव्यावरच्या हवेसारखं सगळं थरथरतं. मग १० मिलिमीटरचा आयपीस. फिकट नारिंगी चकती, एका कडेला पांढरा कण (उत्तर ध्रुवावरचा बर्फ), मधे करडा डाग, असेल-नसेल असा. हवा स्थिर होते तेव्हा सेकंदभर डाग स्पष्ट होतो आणि पुन्हा विरघळतो. गंमत म्हणजे १४.६ कोनीय सेकंदांची (एका अंशाचे ३,६०० कोनीय सेकंद) चकती १२० पट केली तर नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो तेवढीच होते. हिशेब करून बघा. तरी आयपीसला डोळा लावणारा प्रत्येक जण म्हणतो, “एवढासाच?” भाचाही तेच म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “जायला पाहिजे.”

जायला माझी ना नाही. राहायचं म्हणालात की माझी पेन्सिल बाहेर येते. तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. गुरुत्वाकर्षण ३८ टक्के, त्यात लहान मूल कसं वाढेल याची एकही नोंद कुणाकडे नाही. २००८ साली फिनिक्स यानाला मातीत परक्लोरेट नावाचा क्षार सापडला, तो थायरॉइडला बाधतो. मदतीची हाक मारली तर ती पृथ्वीवर पोचायलाच कधीकधी वीस मिनिटांच्या वर.

पण ही सगळी अडचणींची यादी झाली, आणि अडचणी सुटतात. माझा आक्षेप वेगळा आहे. ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ नावाची काचेची बंद इमारत आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. शेत, छोटंसं जंगल, समुद्राचा नमुना, सगळं आत. बाहेर सूर्य आपलाच, गुरुत्व आपलंच, दाराबाहेर डॉक्टर. तरी आतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली-वर आला. माणसांना दोन मजले चढवेनात. मातीतले जिवाणू अंदाजापेक्षा जास्त प्राणवायू खात होते, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट गुपचूप शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांकडून तो प्राणवायू परत येईना. शेवटी बाहेरून भरावा लागला. लोक याला फजिती म्हणतात. मला तो आजवरचा सगळ्यात प्रामाणिक वसाहत-प्रयोग वाटतो, कारण भिंत प्राणवायूच्या हिशेबात मोडते हे त्याआधी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि त्यांनी मोजलं म्हणून कळलं. मंगळावर जायच्या फाइलीला अशी दहा-वीस जोडपत्रं लागली पाहिजेत. २०२३ मध्ये अंतराळ स्थानकावर पाणी परत वापरण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत नेलं, हे एक जोडपत्र मी मान्य करते. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं धरून. उरलेले दोन टक्के कुठून आणणार ते लिहा, मग पुढचं पान.

भाच्याच्या तीन कारणांचं काय झालं तेही सांगून टाकते. रक्तात आहे म्हणून जायचं, हे कारण नव्हे. रक्तात भांडणंही आहेत. धातूंचं म्हणाल तर ओसिरिस-रेक्स यान २०१६ मध्ये निघालं, बेन्नू या लघुग्रहावरून माल घेऊन सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची कुपी परत आली. माल भरला १२१.६ ग्रॅम. विज्ञानासाठी सोन्याहून मोलाचा, खाणकाम म्हणून मात्र विषय संपला.

अरिष्टाचं कारण मला आधी पोरकट वाटायचं. तिथे मी चुकले. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा दगड फुटला, दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी: उजेड पाहून लोक खिडकीशी धावले आणि आवाजाची लाट मागून आली. दगड सूर्याच्या बाजूने आल्यामुळे कुणालाच दिसला नव्हता. आमची दुर्बीण नवी होती तेव्हाच २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह बातम्यांत होता. २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांपर्यंत चढली आणि आणखी निरीक्षणं झाल्यावर जवळजवळ शून्यावर आली. भाचा रोज फोन करून आकडा सांगायचा, जसं कुणाचा ताप किती ते सांगावं. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये डार्ट यान मुद्दाम डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर आपटलं, त्याची आपल्या मोठ्या जोडीदाराभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३२ मिनिटांनी कमी झाली. म्हणजे दगड ढकलता येतो. म्हणून मी भाच्याला म्हटलं, कारण मंजूर, पण त्यातून घर बदलणं निघत नाही, पहारा निघतो. छपरावर फांदी झुकली तर आपण आधी फांदी छाटतो.

आता चंद्र, कारण दुर्बीण घेतलीत की घरी येणारे सगळे चंद्रच मागतात आणि सगळे एकच प्रश्न विचारतात: “झेंडा दिसतो का?” नाही. आठ इंची आरशाला चंद्रावर साधारण एक किलोमीटरहून लहान काही वेगळं ओळखता येत नाही. विवरांच्या कडा, सावलीत बुडालेल्या दऱ्या, आणि मधूनच एखादं शिखर ज्याच्या फक्त टोकावर ऊन पडलंय, एवढं दिसतं. ते पुरेसं आहे. पौर्णिमेला बघू नका. सावल्या नसतात, सगळं सपाट. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर.

झेंड्यावरून आठवलं. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेच्या फाइलीत कारण काय लिहिलं होतं? सोव्हिएत रशियाच्या आधी पोचणे. ते कारण जुलै १९६९ मध्ये पूर्ण झालं, मग डिसेंबर १९७२ नंतर कुणी गेलंच नाही. माझ्या नियमाने फाइल बंद. पण त्या सहा फेऱ्यांतून ३८२ किलो दगड-माती आली, आणि चंद्र पृथ्वीवर झालेल्या प्रचंड टकरीतून जन्मला असावा हे त्या दगडांनी सुचवलं. शिवाय तिथे परावर्तक ठेवले गेले. आजही इथून लेझर सोडला की उजेड परत येतो, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातोय हे त्यावरून मोजलंय. झेंड्याचं कारण विटलं. परावर्तकाचं कुणी मंजुरीच्या भाषणात नावही घेतलं नव्हतं, ते अजून कामावर आहेत.

लिहिलेलं कारण एक आणि उपयोग भलताच, ही खोड मग सगळीकडे दिसायला लागली. जीपीएस सैन्यासाठी उभारलं, १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत पाडलं गेलं तेव्हा अमेरिकेने ते सर्वांना खुलं करायचं जाहीर केलं. नासातले शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन शुक्राच्या ढगांचा अभ्यास करत होते, मग पृथ्वीच्या वातावरणाकडे वळले आणि १९८८ मध्ये सिनेटपुढे तापमानवाढीची साक्ष दिली. आणि मला सगळ्यात आवडतो तो हेलियम: १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची नव्हती. पदार्थ पृथ्वीवर हाती लागला १८९५ मध्ये. मागच्या वर्षी माझा एमआरआय झाला, त्या यंत्राचं चुंबक द्रव हेलियमने गार ठेवतात. आत ठकठक चालू होती आणि मी त्या पिवळ्या रेघेचा विचार करत पडले होते. ती रेघ टिपणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर सूर्याकडे बघत बसला होता तेव्हा कुणी ‘कारण?’ विचारलं असतं तर बिचारा काय सांगणार होता?

१९७० मध्ये झांबियात काम करणाऱ्या एका जोगिणीने नासातल्या अर्न्स्ट श्टुलिंगरना पत्र लिहून विचारलं, मुलं उपाशी असताना मंगळावर खर्च कसा करवतो? त्यांनी उत्तरात एका उमरावाची गोष्ट सांगितली: तो गरिबांना मदत करायचा, पण भिंगं घासण्याच्या नादात असलेल्या एका माणसालाही पैसे द्यायचा, लोक रागवायचे, आणि त्याच नादातून सूक्ष्मदर्शक आला. गोष्ट सुंदर आहे. पण लेखापरीक्षक म्हणून सांगते, ही गोष्ट धोक्याची आहे. ‘पुढे काहीतरी निघेल’ हे कारण प्रत्येक उधळ्या माणसाच्या फाइलीत असतं. तेहतीस वर्षांत मी असली ‘भावी उपयोगिता’ ढिगाने वाचली, त्यातून निघाली ती गंजलेली यंत्रं आणि कुलूप लावलेल्या खोल्या. मग भिंग घासणारा आणि उधळ्या यांत फरक कसा करायचा?

याचं उत्तर मला गुरूने दिलं, आणि इथेच दुर्बीण भलत्या कामाला लागली.

गुरूचे चार मोठे चंद्र कुठल्याही दुर्बिणीतून दिसतात. त्या चौघांत सगळ्यात आतला आयो. दर साडेबेचाळीस तासांनी तो गुरूच्या सावलीत जातो आणि बाहेर येतो. सतराव्या शतकात पॅरिसला ही ग्रहणं नोंदवत असत, कारण अगदी व्यवहारी होतं: जगात सगळीकडून दिसणारं हे घड्याळ, त्यावरून रेखांश काढायचे, नकाशे सुधारायचे. तिथल्या ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ग्रहणं उशिरा होतात. आयो उशीर करत नव्हता. उजेडाला यायला वेळ लागत होता. १६७६ मध्ये त्याने हे मांडलं. मागितले होते रेखांश, हाती आला प्रकाशाचा वेग.

हे वाचल्यावर मला राहवेना. दुसऱ्याचं प्रमाणपत्र कशाला, आपणच तपासू. गुरूची प्रतियुती १० जानेवारी २०२६ ला होती. जानेवारीच्या मध्यापासून रूळ मारलेली वही, मोबाइलवरचं घड्याळ आणि पायाखाली गरम पाण्याची पिशवी. आयो सावलीतून बाहेर येतो तो एकदम दिवा लागल्यासारखा नव्हे. गुरूच्या कडेपासून जरा अलीकडे, जिथे काहीच नाही तिथे, आधी शंका येते. मग शंका घट्ट होते. मग ठिपका. तीन-चार मिनिटं हा खेळ चालतो आणि नक्की कोणत्या क्षणाला ‘आला’ म्हणायचं यावर मी स्वतःशीच भांडते. ढग आले की नोंद कोरी. दोनदा नळी ढकलायला विसरले आणि गुरूच दृश्याबाहेर गेला. असं करत मे महिन्यापर्यंत एकोणीस नोंदी झाल्या. जानेवारीच्या नोंदीवरून पुढचे वेळ काढले आणि ताळा केला. मे महिन्यात आयो अकरा मिनिटं उशिरा आला होता. गुरू तेवढ्या दिवसांत जितका दूर गेला त्या हिशेबाने बाराच्या आसपास यायला हवे होते. एका मिनिटाची तूट मी तूट म्हणूनच लिहिली आहे, जुळवून घेतलेली नाही.

आणि मला फरक कळला. डॉब्सन, लॉकियर, रोमर, परावर्तक ठेवणारे: यांची कारणं कुणाची फुशारकीची होती, कुणाची व्यवहाराची, कुणाची नव्हतीच. पण सगळ्यांनी मोजून ठेवलं होतं. कारण खोटं निघालं तरी मोजलेलं खोटं ठरत नाही, ते दुसऱ्याच कुणाच्या उपयोगी पडतं. म्हणून हल्ली अंतराळाच्या कुठल्याही मोहिमेची बातमी वाचताना मी नेत्यांची वाक्यं सोडून देते आणि यानावर कोणती उपकरणं आहेत तो परिच्छेद शोधते. यादी भरघोस असली की कारण काहीही लिहा, माझी सही. वसाहतीच्या घोषणांत रॉकेटचं चित्र असतं, माणसं हसताना असतात, उपकरणांचा परिच्छेद बहुधा नसतो.

किरकोळ बाबी. शनी बघायला २०२५ हे वाईट वर्ष होतं, कडी आपल्याकडे काठाने वळली होती. शेजारच्या मुलांना मी ‘कड्याचा ग्रह’ दाखवायला बोलावलं आणि त्यांना सुईत ओवलेला मणी दिसला. एक जण म्हणाला, “आजी, तुमची दुर्बीण बिघडली.” गॅलिलिओचंही १६१२ मध्ये हेच झालं, त्याला तर ती कडी आहेत हेही ठाऊक नव्हतं आणि ती एकाएकी गायब झाली. हळूहळू पुन्हा उघडतायत. मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत गुलाबी-जांभळा असतो, इथे राखाडी दिसेल, आधीच सांगून ठेवा. कृत्रिम उपग्रहांच्या रेघा रोज संध्याकाळी आयपीसमधून जातात. एकदा नेमक्या आयोच्या वेळी गेली तेव्हा मी मोठ्याने काय बोलले ते इथे लिहीत नाही. फाइंडरमध्ये (नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत) सगळं उलटं दिसतं, महिनाभरात सवय होते. आरसा धुवायच्या भानगडीत पडू नका, धुळीने फारसं बिघडत नाही, फडक्याने बिघडतं.

राखलेला पाचवा तारा. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्याकडे पाहिलं तर डोळा जातो, कायमचा, क्षणात. ही सूचना माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, हमीच्या अटींच्या खाली, सगळ्यात बारीक अक्षरात आहे. ती नळीवरच लाल रंगात हवी होती. मी स्वतः जाड मार्करने लिहिली. लहान मुलं घरात असतील तर दिवसा फाइंडरचं झाकणसुद्धा उघडं ठेवू नका.

दीड वर्षाचा हिशेब काढला. दुर्बीण ११२ रात्री बाहेर आली, त्यातल्या नऊ मंगळासाठी. म्हणजे वहीत लिहिलेल्या कारणाला जेमतेम आठ टक्के वापर. दुसऱ्या कुणाची फाइल असती तर मी शेरा मारला असता.

मंगळाची पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, चकती या वेळेपेक्षा थोडी लहान असेल. भाचा येणार आहे. त्याने सहा मिलिमीटरच्या आयपीसची मागणी केली आहे. मी वही पुढे केली तर कारणाचा रकाना कोरा ठेवून माझ्याकडे बघत बसला. विचारलं, त्याने किती पट होईल? “दोनशे,” तो म्हणाला, “पण हवा स्थिर असेल त्याच रात्री. कोणत्या रात्री किती स्थिर होती ते मी लिहून ठेवीन.” सही केली.